दोन ठिपक्यांचा शोधकर्ता : गिल्बर्ट लुईस

हायड्रोजनच्या रेणूचे चित्र काढताना दोन अणूंच्या मध्ये दोन ठिपके द्यायचे, हे शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. ही पद्धत रूढ करणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांचा जन्म ऑक्टोबर १८७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेमथ येथे झाला. बालपण नेब्रास्कात गेले आणि प्रारंभीचे शिक्षण घरीच झाले. १८९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी जर्मनीत ओस्टवाल्ड आणि नेर्न्स्ट यांच्याकडे अध्ययन केले.

१९०२ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांनी अणू एका घनाच्या रूपात मांडला. घनाच्या आठ कोपऱ्यांवर बाह्यतम कक्षेतील इलेक्ट्रॉन असावेत, अशी ही कल्पना होती. ती मात्र बरीच वर्षे टिपणवहीतच राहिली.

सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देतो आणि परस्परविरुद्ध भारांच्या आकर्षणाने मीठ तयार होते, हे समजण्याजोगे होते. परंतु हायड्रोजनचे दोन अणू अगदी सारखे. मग कोणी कोणाला द्यायचे? १९१६ मध्ये बर्कले येथे प्राध्यापक असताना लुईस यांनी उत्तर दिले : देणे-घेणे नव्हे, तर भागीदारी. इलेक्ट्रॉनांची एक जोडी एकाच वेळी दोन्ही अणूंची असते आणि तीच त्यांना बांधून ठेवते. त्यामुळे हायड्रोजनपाशी दोन, तर क्लोरिनपाशी आठ इलेक्ट्रॉन होऊन निष्क्रिय वायूंसारखे स्थैर्य लाभते.

१९१९ पासून अर्व्हिंग लँगम्यूर यांनी प्रभावी व्याख्यानांतून आणि लेखांतून ही कल्पना सर्वदूर नेली. तिला सहसंयुज बंध हे नावही त्यांनीच दिले. सिद्धांत लँगम्यूर यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, याचा सल लुईस यांना दीर्घकाळ राहिला. १९२३ मध्ये ग्रंथ लिहून त्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली. त्याच वर्षी आम्ल आणि आम्लारींची व्याख्याही त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीवरूनच केली.

लँगम्यूर यांना १९३२ मध्ये पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. लुईस यांचे शिष्य हॅरॉल्ड युरी हे १९३४ मध्ये, तर ग्लेन सीबोर्ग हे १९५१ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. वारंवार नामांकन होऊनही लुईस यांना मात्र ते कधीच लाभले नाही.

२३ मार्च १९४६ रोजी बर्कले येथील प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. पुढे पुंजवादाने बंधाचे सखोल गणित मांडले, तरी जोडीची कल्पना टिकली. लायनस पॉलिंग यांनी १९३९ मधील रासायनिक बंधावरील आपला ग्रंथ लुईस यांनाच अर्पण केला होता. नोबेलविना राहिलेल्या या वैज्ञानिकाचे दोन ठिपके आजही जगभरच्या फळ्यांवर उमटतात.