महात्मा जोतीराव फुले आणि अमेरिकेंतील गुलाम

मुलींच्या शाळेचे संस्थापक म्हणून महात्मा जोतीराव फुले यांचें नांव आपल्या महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. परंतु सातासमुद्रांपलीकडील परक्या लोकांच्या दुःखाकडे पाहून त्यांनीं आपल्या देशासाठीं काय बोध घेतला, हें आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांना क्वचितच सांगितलें जातें. तेवढ्यासाठींच हें अल्प चरित्र.

जोतीरावांचा जन्म सन १८२७ मध्यें माळी कुळांत झाला. ते तान्हे असतांनाच त्यांची आई चिमणाबाई वारली, आणि नात्यांतील सगुणाबाई यांनीं त्यांचें संगोपन केलें. वडील गोविंदराव यांनीं मध्यंतरीं मुलाचें शिक्षण थांबविलें होतें. परंतु मुनशी गफ्फार बेग व लिजीट साहेब यांनीं त्यांचें मन वळविलें. मग १८४१ सालीं जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. पुढें थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांच्या वाचनांत आला, आणि देवानें सर्व मनुष्यें समान निर्माण केलीं आहेत हा विचार त्यांच्या ठायीं दृढ झाला.

१८४८ सालीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत चालत असतां जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षीं त्यांनीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा उघडली. पत्नी सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. या कार्यामुळें उभयतांना वडिलांचें घर सोडावें लागलें. तरी त्यांनीं हातीं घेतलेला नांगर सोडला नाहीं. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठीं खुला केला.

याच काळांत अमेरिकेंत मोठी उलथापालथ चालली होती. आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या लोकांचीं लेंकरें तेथें गुराढोरांप्रमाणें बाजारांत विकलीं जात. हॅरिएट बीचर स्टो या पाळकाच्या कन्येनें १८५२ सालीं टॉम नांवाच्या भक्तिमान गुलामाची करुण कथा प्रसिद्ध केली, आणि ती वाचून असंख्य लोकांचीं अंतःकरणें हालून गेलीं. १८६१ पासून चार वर्षें घनघोर युद्ध झालें. १८६५ सालीं कायद्यानें गुलामगिरी नष्ट झाली, आणि सुमारें चाळीस लाख जीव मुक्त झाले.

ही हकीकत ऐकून हळहळणारे पुष्कळ असतील. जोतीराव हळहळून थांबले नाहींत. १८७३ सालीं त्यांनीं ‘गुलामगिरी’ हा संवादरूप ग्रंथ लिहिला, आणि गुलामांच्या मुक्तीसाठीं स्वार्थत्याग करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस तो आदरपूर्वक अर्पण केला. त्या गुलामांची स्थिति आणि येथील शूद्रातिशूद्रांची स्थिति त्यांनीं शेजारीं शेजारीं मांडली. दूरच्या दुःखाचा त्यांनीं आरसा केला व त्यांत आपलें घर पाहिलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

जोतीरावांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. म्हणून त्यांचा आरसा ख्रिस्ती मनुष्यानें बाजूस ठेवावा काय? अमेरिकेंतील गुलामांचे पुष्कळ धनी बाप्तिस्मा झालेलेच होते. रविवारीं ते उपासनेस जात आणि पवित्र शास्त्रांतूनच गुलामगिरीचें समर्थन करीत. कायदा झाला, तरी त्यांचीं मनें मुक्त झालीं नाहींत. जोतीरावांच्या पश्चात् तेथें कृष्णवर्णीयांसाठीं निराळ्या शाळा व निराळीं आसनें ठरविणारे कायदे वाढत गेले. १८७७ ते १९५० या काळांत चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांना जमावांनीं ठार मारिलें, आणि त्या जमावांत मंडळीचे सभासदही असत. असा भेद करण्यास बंदी घालणारा मोठा कायदा होण्यास १९६४ साल उजाडावें लागलें.

आमगांवच्या आसपास, धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनीं ही कथा परक्यांची म्हणून ऐकूं नये. सोयरीक जुळवितांना आपण पूर्वीची जात विचारतों काय? प्रीतिभोजनाच्या पंक्तीस कोणी आपण होऊन शेवटीं बसतो काय, आणि तो कां बसतो हें कोणी पाहतो काय? मंडळीचा वडील निवडतांना त्याची भक्ति पाहतों, कीं त्याचें कूळ? पौलानें अनेसिम या दासास फिलेमोनाकडे परत पाठविलें, तें बंधु म्हणून त्याचा स्वीकार व्हावा यासाठीं. त्या पत्राचें उत्तर फिलेमोनानें काय दिलें, हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. आपलें उत्तर मात्र आपल्या पंक्तींत आणि आपल्या विहिरीवर रोज लिहिलें जात आहे.

जोतीरावांनीं आपल्या अंगणांतील हौद खुला केला. जिवंत पाण्याचा झरा ज्यांना फुकट मिळाला, त्यांनीं तो कोणासही अडवूं नये, अशी बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.