मायकेल फॅरेडे : आपल्या वाटेने शिकलेला शास्त्रज्ञ

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये, लंडन शहरालगत झाला. त्यांचे वडील लोहारकाम करीत. घरच्या गरिबीमुळे वाचन, लेखन आणि अंकगणित यांपलीकडे मायकेलचे शालेय शिक्षण होऊ शकले नाही. १८०४ मध्ये तो एका पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून कामास लागला. पुढच्याच वर्षी तेथे पुस्तकबांधणी शिकण्यासाठी त्याची सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली.

बांधणीसाठी आलेली पुस्तके मायकेल फावल्या वेळी वाचीत असे. विश्वकोशातील विद्युतविषयक लेखाने आणि जेन मार्सेट यांच्या रसायनशास्त्रावरील पुस्तकाने त्याला विज्ञानाची गोडी लागली. परंतु केवळ वाचून त्याचे समाधान होत नसे. ऐपतीप्रमाणे साहित्य जमवून तो पुस्तकातील प्रयोग स्वतः करून पाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एखादी गोष्ट आपल्याला पुरती उमगत नाही, हे त्याने ओळखले होते. आपली स्मरणशक्ती दुबळी आहे, याचीही त्याला जाणीव होती. म्हणून वाचलेले व ऐकलेले टिपून ठेवण्याची सवय त्याने स्वतःला लावून घेतली. आकृत्या नीट काढता याव्यात यासाठी तो चित्रकलाही शिकला.

१८१२ मध्ये हंफ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाची चार व्याख्याने ऐकण्याची संधी त्याला मिळाली. त्यांची टिपणे त्याने आकृत्यांसह सविस्तर लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या प्रयोगशाळेत त्याची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली.

फॅरेडे यांना उच्च गणित अखेरपर्यंत अवगत झाले नाही. त्यामुळे त्यांच्या कल्पनांकडे काही विद्वान साशंकतेने पाहत. फॅरेडे यांनी ही उणीव नाकारली नाही. मात्र तिच्यापाशी ते अडूनही बसले नाहीत. चुंबकाभोवती पसरलेला लोखंडाचा कीस वक्र रेषांत मांडला जातो, या दृश्याच्या आधारे त्यांनी बलरेषांची कल्पना विकसित केली. बदलत्या चुंबकीय प्रभावाने तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे त्यांनी १८३१ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. विद्युत जनित्रे याच तत्त्वावर चालतात. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी फॅरेडे यांच्या कल्पनांना गणिती रूप दिले.

प्रयोगांच्या दैनंदिनीत फॅरेडे प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देत. अशा परिच्छेदांची संख्या १६,००० च्या वर गेली. जे मनात टिकत नसे, ते वहीत हवे तेव्हा सापडे.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. शिकताना आपण कोठे अडतो आणि कशाने आपल्याला उमगते, हे त्यांनी तरुण वयातच पारखले होते. त्यांचा सारा अभ्यास त्या पारखीवर उभा होता.