विश्लेषण : दाताचा एक्स-रे रुजवणाऱ्या डॉक्टरने हात कसा गमावला?

रूट कॅनल करताना डेंटिस्ट दाताचा एक्स-रे काढतात. ही पद्धत रुजवणाऱ्यांपैकी एक होते अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य डॉ. सी. एडमंड केल्स (१८५६-१९२८).

केल्स यांनी काय केले?
रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी केल्स यांनी रुग्णांच्या दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. १८९९ मध्ये त्यांनी दाताच्या मुळातील पोकळीत शिशाची तार घालून एक्स-रे घेतला. शिसे त्यात ठळक दिसते, त्यामुळे मुळाची लांबी कळली. आज तारेऐवजी बारीक फाइल असते, तत्त्व तेच.

किंमत काय मोजली?
किरणांचा धोका तेव्हा पुरेसा माहीत नव्हता. ट्यूब नीट लागली का, हे पाहण्यासाठी केल्स वर्षानुवर्षे स्वतःचाच हात किरणांसमोर धरत. त्याच हाताला कर्करोग झाला. आधी बोटे, मग पंजा, शेवटी संपूर्ण हात कापावा लागला. वेदनांनी पिचलेल्या केल्स यांनी १९२८ मध्ये आयुष्य संपवले.

आज काय बदलले?
डिजिटल सेन्सरमुळे किरणांची मात्रा खूप कमी लागते. एक्स-रे काढताना डॉक्टर बाजूला होतात. ही खबरदारी केल्स यांच्या पिढीने सोसलेल्या जखमांतून आली आहे.