राजवट फिरली, पण इडाबाई फिरल्या नाहीत

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामीची प्रथा मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु पुढे त्या काळ्या बांधवांचे काय झाले, याची माहिती आपल्यापैकी थोड्यांनाच असते. तो ग्रंथ निघाला तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागात काळे पुरुष मतदान करीत होते, निवडून येऊन विधिमंडळात बसत होते. पण १८७७ साली केंद्र सरकारने दक्षिणेत त्यांच्या पाठीशी उभे असलेले सैन्य मागे घेतले. आगगाडीत आणि खाणावळीत समान वागणूक देणारा १८७५ सालचा कायदा १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. कालचे मालक पुन्हा गावचे धनी झाले.

ज्या सरकारच्या भरवशावर समाज उभा राहिला त्या सरकारनेच हात काढून घेतला, तर चळवळीने जगावे कसे? या प्रश्नाचे उत्तर एका शाळामास्तरणीने आपल्या आयुष्याने दिले. तिचे नाव इडा वेल्स.

इडाचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी झाला. आईबाप गुलाम, म्हणून लेकही जन्मतःच गुलाम. बाप सुतारकाम करी, आई स्वयंपाकीण. गुलामी संपताच त्यांनी मुलांना शाळेत घातले. १८७८ साली पिवळ्या तापाची साथ आली आणि आई, वडील व धाकटा भाऊ असे तिघे दगावले. नातेवाईक व ओळखीचे लोक उरलेली भावंडे वाटून घेण्याचे ठरवू लागले. सोळा वर्षांच्या इडाने ते साफ नाकारले. परीक्षा देऊन ती खेड्यातील शाळेत शिक्षिका झाली आणि भावंडांचा सांभाळ करू लागली.

पुढे ती मेम्फिस शहराजवळ नोकरीला आली. एकदा आगगाडीत स्त्रियांच्या डब्याचे तिकीट काढून बसली असता कंडक्टरने तिला धूम्रपानाच्या डब्यात जाण्यास फर्मावले. ती उठेना, तेव्हा तिघांनी मिळून तिला ओढून काढले. तिने कंपनीवर फिर्याद केली. १८८४ साली खालच्या न्यायालयाने पाचशे डॉलर भरपाई दिली. १८८७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि खर्चही तिच्याच माथी मारला. न्यायासाठी केवळ न्यायालयाच्या दारात बसून भागणार नाही, हे तिला तेव्हाच उमगले.

इडाबाईंनी लेखणी हाती घेतली. मेम्फिसच्या 'फ्री स्पीच' या काळ्यांच्या पत्रात त्या भागीदार झाल्या. काळ्या मुलांच्या शाळांची दैना छापली म्हणून १८९१ साली त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली. त्या गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवू लागल्या. पत्र मागणाऱ्या निरक्षर माणसांच्या हाती विक्रेते भलतेच पत्र टेकवतात, हे ध्यानात येताच त्यांनी आपले पत्र गुलाबी कागदावर छापण्यास सुरुवात केली. अक्षर ओळखता आले नाही, तरी रंग ओळखता येतो.

९ मार्च १८९२ रोजी त्यांचे स्नेही थॉमस मॉस आणि त्यांचे दोन सोबती यांना जमावाने तुरुंगातून बाहेर काढून गोळ्या घातल्या. त्यांचा अपराध एवढाच, की त्यांचे किराणा दुकान चांगले चालले होते आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते. जमावाने असे माणूस मारण्याला तिकडे लिंचिंग म्हणतात. इडाबाईंनी लोकांना शहर सोडण्याचा सल्ला दिला, आणि हजारो माणसे पश्चिमेकडे चालती झाली. राहिले त्यांनी ट्रामवर बहिष्कार घातला. कंपनीचे अधिकारी 'फ्री स्पीच'च्या कचेरीत येऊन गिऱ्हाईक परत पाठवण्याची विनंती करू लागले. मत चोरता येते, पण खिशातला पैसा न देण्याचे बळ चोरता येत नाही.

मग त्यांनी लिंचिंगची एकेक घटना तपासायला घेतली. काळ्या पुरुषाने गोऱ्या स्त्रीच्या अब्रूवर हात टाकला, हे कारण बहुतेक वेळा खोटे असते, असे त्यांनी छापले. २७ मे १८९२ रोजी जमावाने छापखाना उद्ध्वस्त केला. इडाबाई तेव्हा बाहेरगावी होत्या म्हणून वाचल्या. परतल्यास ठार मारू, असा निरोप आला. घर, पत्र, गाव, सारे एका दिवसात गेले. पण न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या काळ्या स्त्रियांनी सभा भरवून त्यांच्या हाती पाचशे डॉलर ठेवले आणि त्यांतून पुस्तिका निघाली. न्यायालयाने जितकी रक्कम हिरावून घेतली होती, तितकीच समाजाच्या बायांनी भरून दिली.

१८९५ सालच्या 'ए रेड रेकॉर्ड' या पुस्तकात त्यांनी बळींच्या याद्या दिल्या. आकडे मुद्दाम गोऱ्यांच्या 'शिकागो ट्रिब्यून' पत्रातून घेतले, म्हणजे कोणाला खोटे म्हणता येऊ नये. १८९२ या एका वर्षात २४१ माणसे अशी मारली गेली होती, त्यांत १६० काळी होती. अब्रूचा आरोप त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांवरच होता. १८९३ आणि १८९४ साली इंग्लंडात जाऊन त्यांनी सभा गाजवल्या. दक्षिणेचा कापूस घेणारे व्यापारी तिथेच होते, त्यामुळे मेम्फिसकरांना पहिल्यांदा झळ लागली.

१८९५ साली शिकागोचे वकील फर्डिनांड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चार मुले झाली, तान्हे मूल घेऊनही त्या सभांना जात. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे कायदेशीर ठरवले, तरी काम थांबले नाही. १९०९ साली इलिनॉय राज्यातील कैरो गावी जमावाने एका काळ्या माणसाला मारले. कैदी जमावाच्या हाती गेल्यास शेरीफची नोकरी जावी, असा कायदा त्या राज्यात होता. शेरीफ गेला खरा, पण परत येण्याची खटपट करू लागला. पुढे पुढे करते म्हणून स्वकीयांकडूनच बोलणी खाऊन इडाबाई दुखावल्या होत्या. त्या जाईनात, तेव्हा मोठ्या मुलाने त्यांना उठवले आणि, तू न गेलीस तर दुसरे कोणी जाणार नाही, अशी समज घातली. त्या गेल्या, पुरावा गोळा केला आणि गव्हर्नरसमोर बाजू मांडली. शेरीफला जागा परत मिळाली नाही.

त्याच वर्षी काळ्यांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. १९१० साली त्यांनी शिकागोत दक्षिणेतून येणाऱ्या तरुणांसाठी वाचनालय व निवारा काढला आणि पुढे नोकरीचा पगारही त्यात घातला. पैशांअभावी तो १९२० साली बंद पडला. १९१३ साली काळ्या स्त्रियांचे मताधिकार मंडळ स्थापले. १९१९ साली आर्कान्सामध्ये कापसाला रास्त भाव मागणाऱ्या कुळांचे हत्याकांड झाले आणि उलट बारा काळ्यांनाच फाशी सुनावली गेली. जवळजवळ तीस वर्षांनी दक्षिणेत पाऊल ठेवून इडाबाई कैद्यांच्या बायकांबरोबर तुरुंगात शिरल्या आणि त्यांच्या हकिगती लिहून आणल्या. अनेकांच्या प्रयत्नांनी १९२५ पर्यंत ते बाराही जण सुटले.

२५ मार्च १९३१ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र अर्ध्या वाक्यावर राहिले. त्यांच्या मुलीने ते जपले आणि १९७० साली ते प्रसिद्ध झाले. लिंचिंगविरुद्ध केंद्रीय कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही. १९२२ साली एक विधेयक खालच्या सभागृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडवले गेले. कायदा झाला तो मार्च २०२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूला एक्क्याण्णव वर्षे होत असताना.

मातांनो, बंधूंनो, इडाबाईंनी राजवट अनुकूल होण्याची वाट पाहिली नाही. आपले पत्र, आपले मंडळ, आपली वर्गणी आणि आपल्या माणसांची नावनिशीवार नोंद या चार गोष्टी त्यांनी सरकार कोणाचेही असो, चालू ठेवल्या. एक बंद पडली की दुसरी सुरू केली. ही हकिगत आपल्या मुलींना वाचून दाखवा. आपल्या मोहल्ल्यात घडलेल्या अन्यायाची तारीख, नावे आणि साक्षीदार कोणी लिहून ठेवले आहेत काय, तेही एकदा पाहा. नसतील, तर घरात ज्याला लिहिता येते, त्याने आजच वही घ्यावी.