इतर परिस्थिती कायम असता

अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा तरी एक शब्दसमूह येतो: ‘इतर परिस्थिती कायम असता’. किंमत वाढली की मागणी घटते, इतर परिस्थिती कायम असता. प्रत्यक्ष बाजारात काहीच कायम राहत नाही, हे आम्हाला ठाऊक असते आणि विद्यार्थ्यांनाही. म्हणूनच ज्याने इतर परिस्थिती खरोखरीच कायम ठेवून दाखवली, अशा शास्त्रज्ञाविषयी आम्हा मंडळींना आदराबरोबर थोडा मत्सरही वाटतो. लेओनोर मायकेलिस हे असे शास्त्रज्ञ होते. जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी त्यांचे नाव समीकरणासोबत घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्या नावामागचा माणूस त्याला भेटतच नाही.

मायकेलिस यांचा जन्म १६ जानेवारी १८७५ रोजी बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण तेथेच झाले आणि पुढे पाऊल एर्लिख यांच्यासारख्या थोर संशोधकाच्या हाताखाली त्यांना काम करता आले. १९०० मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी एका हिरव्या रंगद्रव्याने जिवंत पेशीतील मायटोकॉन्ड्रिया रंगवून दाखविल्या. एवढ्या भांडवलावर विद्यापीठाचे दार उघडायला हरकत नव्हती. परंतु त्या काळच्या जर्मन विद्यापीठांत पगारी प्राध्यापकपदे मोजकीच असत, आणि ज्यू उमेदवाराला ती मिळणे अधिकच दुर्घट होते. मायकेलिस यांनी बर्लिनच्या ‘आम उर्बान’ या नगरपालिका रुग्णालयात जंतुशास्त्रज्ञाची जागा पत्करली. १९०८ मध्ये विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक ही उपाधी दिली; पगार मात्र दिला नाही.

रुग्णालयाच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत, रोजचे काम सांभाळून, मायकेलिस आणि त्यांचे रसायनज्ञ मित्र पेटर रोना आम्लतेच्या अभ्यासात गढून गेले. द्रावणाची आम्लता जरा बदलली की एंझाइमांची कार्यशक्ती बदलते, हे त्यांच्या ध्यानी आले होते. १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी आम्लता मोजण्याचे ‘सामू’ हे परिमाण दिले. मायकेलिस यांच्या हाती जणू हवे ते हत्यारच आले.

प्रश्न जुनाच होता. यीस्टमधील इन्व्हर्टेज हे एंझाइम उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करते. एंझाइम तेवढेच ठेवून साखर वाढवत नेली, तर हे काम किती वेगाने होईल? पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी १९०३ च्या सुमारास याचे उत्तर समीकरणात मांडलेही होते, आणि समीकरण मूलतः बरोबर होते. तथापि त्यांच्या प्रयोगांत आम्लतेवर ताबा नव्हता, आणि एक बारीक फसवणूकही राहून गेली होती. ही प्रक्रिया मोजतात ती ध्रुवित प्रकाशाचा कोन किती वळतो ते पाहून. पण साखरेपासून नुकतेच सुटलेले ग्लुकोज आरंभी एक कोन दाखविते आणि काही वेळाने दुसऱ्या कोनावर स्थिरावते. हे न ओळखता घेतलेली मोजमापे कितीही काटेकोर असली, तरी चुकीचीच.

१९१२ मध्ये मॉड मेंटन ही कॅनडाची तरुण डॉक्टर बर्लिनला आली. स्त्रीला स्वतंत्र संशोधनाची संधी त्या वेळी कॅनडात जवळजवळ नव्हतीच. या दोघांनी आम्लता आणि तापमान पक्के बांधून टाकले. ठरावीक वेळांनी नमुना काढायचा, त्यात अल्कली घालून एंझाइमाचे काम तत्काळ थांबवायचे, ग्लुकोज स्थिरावू द्यायचे आणि मगच कोन वाचायचा, असा क्रम त्यांनी ठेवला. शिवाय त्यांनी प्रक्रियेचा आरंभीचाच वेग हिशेबात धरला. त्या वेळी तयार झालेला माल नगण्य असतो, त्यामुळे त्याचा अडथळा होत नाही. हा निबंध १९१३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष असा. साखर थोडी असते तेव्हा ती दुप्पट केली की वेगही जवळजवळ दुप्पट होतो. पुढे वाढ मंदावते, आणि शेवटी कितीही साखर ओता, वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. रेल्वेच्या तिकीट खिडकीसमोर रांग वाढली म्हणून तिकिटे वेगाने निघत नाहीत. खिडक्या तेवढ्याच असतात आणि प्रत्येक कारकुनाचे हात दोनच. एंझाइमाच्या रेणूवरील कार्यस्थानांचेही तसेच आहे. ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो, ती संहती म्हणजे मायकेलिस स्थिरांक. इन्व्हर्टेजसाठी तो त्यांना लिटरमागे ०.०१६७ मोल, म्हणजे सुमारे पावणेसहा ग्रॅम साखर, इतका मिळाला.

आता आमच्या विषयातल्या माणसाला मोह आवरत नाही. स्थिरांकाच्या तिप्पट साखर घातली तर कमाल वेगाच्या ७५ टक्के पदरात पडतात, नऊपट घातली तर ९० टक्के. ९९ टक्के हवे असतील तर साखर नव्व्याण्णव पट लागते! शेवटच्या नऊ टक्क्यांसाठी साखर अकरापट करावी लागते. आमच्या घटत्या सीमान्त फलाच्या नियमाचाच हा भाऊबंद. फरक एवढाच की आमचा वक्र फळ्यावर हाताने काढलेला असतो आणि यांचा मोजून काढलेला.

हा वक्र शरीरात रोज वापरात असतो. ग्लुकोज पकडणारे बहुतेक पेशींमधील एंझाइम, हेक्झोकायनेज, अगदी अल्प ग्लुकोजलाच जवळजवळ पूर्ण वेगाने चालते. रक्तातील साखर जेवणानंतर वाढली तरी त्याला फारसा फरक पडत नाही. यकृतातील ग्लुकोकायनेजची निम्म्या वेगाची संहती मात्र रक्तातील नेहमीच्या साखरेच्या पातळीहून काहीशी वरची आहे. म्हणून जेवणानंतर त्याचा वेग वाढतो आणि वाढीव साखर यकृत उचलते. १९२५ मध्ये ब्रिग्ज आणि हॉल्डेन (तेच हॉल्डेन, जे पुढे भारताचे नागरिक झाले) यांनी समीकरणामागील गृहीतक अधिक व्यापक केले; वक्राचे रूप तेच राहिले. २०११ मध्ये त्या निबंधाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा मूळ आकड्यांवर संगणकाने पुन्हा हिशेब केला गेला. तो १९१३ च्या हिशेबाशी जवळजवळ तंतोतंत जुळला.

ज्या काटेकोरपणाने हे यश दिले, त्यानेच मायकेलिस यांना अडचणीतही आणले. एमिल आब्देरहाल्डेन हे जर्मन जीवरसायनशास्त्रातील मोठे प्रस्थ. गर्भवतीच्या रक्तात वारेतील प्रथिने फोडणारी विशेष एंझाइमे असतात आणि त्यांवरून गर्भधारणा ओळखता येते, असा त्यांचा दावा होता. मायकेलिस यांनी तो पडताळून पाहिला, त्यांना तसे काही आढळले नाही, आणि १९१४ मध्ये त्यांनी हे छापून टाकले. वैद्यक व्यवसाय त्या चाचणीवर लुब्ध झालेला असताना हे करायला धैर्य लागते. अशी एंझाइमे नव्हतीच, हे पुढे सिद्ध झाले. पण जर्मनीतील त्यांची उरलीसुरली वाट या मतभेदाने बंद झाली, असे काही इतिहासकार मानतात. ज्यूद्वेष की बड्या माणसाचा रोष, कोणते कारण अधिक बलवान ठरले, याचा निवाडा करायला येथे इतर परिस्थिती कायम ठेवता येत नाही.

१९२२ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मायकेलिस जपानला नागोयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले. मायदेशाने जे नाकारले ते परदेशाने दिले. १९२६ मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आणि १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आले. ऑक्सिडीकरणात इलेक्ट्रॉन एकेकटेही निघू शकतात, हा त्यांचा विचार प्रथम अनेकांनी झिडकारला आणि नंतर मान्य केला. केसांतील केरॅटिन विरघळविण्याच्या त्यांच्या अभ्यासातून केस कायम कुरळे करण्याच्या धंद्याला रसायन मिळाले, हा एक गमतीचा भाग. ऑक्टोबर १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

मॉड मेंटन त्या वेळी पिट्सबर्ग विद्यापीठात होत्या. तेथे त्या पंचवीसहून अधिक वर्षे शिकवीत आल्या होत्या. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मिळाले ते सत्तरीच्या उंबरठ्यावर, आणि १९५० मध्ये त्या निवृत्तही झाल्या.