मूल वाह्यात नाही, घर मोठ्यांसाठी मांडलंय! असं सांगणाऱ्या ताराबाई मोडक

घर जाफराबादचं असो की दादरचं, पोराने कपाटातला डबा ओढून सांडला की निदान एकच, पोरगं वाह्यात झालंय. मग धपाटा ठरलेला.

पण निदानच चुकलं असेल तर? शंभर वर्षांपूर्वी ताराबाई मोडक मराठी आईबापांना याच प्रश्नाशी आणून उभं करत होत्या.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पुढे पदरात लहान मुलगी असताना राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या.

ही मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे मॉन्टेसरी पद्धतीची बालशाळा चालायची. मार नाही, धाक नाही, बक्षिसाची लालूचही नाही.

त्यामागचा विचार साधा होता. मुलाच्या हातांना काम हवं असतं. घर मात्र मोठ्यांच्या उंचीने मांडलेलं. फळी उंच, वस्तूंना हात लावायचा नाही. मग मूल ओढाताण करतं आणि मोठे त्याला खोडी म्हणतात. खोडी मानली की हात उठतो, गरज मानली की घराची मांडणी बदलते.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मराठी शिक्षणपत्रिकेतून ताराबाई हे विचार पालकांपर्यंत नेत राहिल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं.

पण हे सगळं शहरी, पैसेवाल्या मुलांपुरतंच राहणार का? १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं आली. वस्तीतली गरीब मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही, आईबापांनाही नाही. बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

आज जाफराबाद तालुक्यातही अंगणवाडी भरते. तिथून घरी आलेलं पोर पुन्हा डबा ओढेल. तेव्हा हात उचलायचा की डबा खालच्या फळीवर ठेवायचा, हे मात्र घरालाच ठरवावं लागतं.