दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर पाहिला नाही, असा कर्जत-खालापूर परिसरातील मनुष्य विरळा. परंतु ही राजाबाई कोण आणि तिचे नाव अजरामर करणारा पुत्र कोण, हे नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असते. त्या जैन श्राविकेच्या पुत्राचे, शेठ प्रेमचंद रायचंद यांचे, हे अल्पचरित्र.

प्रेमचंद यांचा जन्म 1831 मध्ये सुरत येथे झाला. वडील रायचंद दीपचंद उदरनिर्वाहासाठी कुटुंबासह मुंबईस आले. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन प्रेमचंद तरुणपणीच दलालीच्या धंद्यात शिरले. इंग्रजी जाणणारे दलाल त्या काळी दुर्मिळ होते. चोख हिशेब आणि तल्लख स्मरणशक्ती यांच्या बळावर बाजारात त्यांची पत वाढत गेली.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसास सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आपल्या भागात मोठे स्थित्यंतर घडत होते. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोचली होती, पण पुढचा घाट प्रवाशांना पालखीतून वा तट्टावरून चढावा लागे. 21 एप्रिल 1863 रोजी बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला आणि दख्खनचा माल पळसदरी-कर्जतमार्गे थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागला.

मुंबईत पैशाचा पूर आला. नवनव्या बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या शेअरांच्या सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद शेठ होते. त्यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेने पुरेशा तारणाविना कर्जे दिली. 1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलैला वायद्यांचा भरणा करण्याची वेळ येताच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. 1868 मध्ये बँक ऑफ बॉम्बेचेही दिवाळे निघाले. शेठजींचे अपार वैभव लयास गेले. अनेक घरे उद्ध्वस्त झाली आणि त्याचा ठपका त्यांच्यावरही आला. चरित्र लिहिताना ही बाजू झाकणे योग्य नव्हे.

तथापि जमवलेले गेले, तरी दिलेले मात्र राहिले. वैभवाच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी 2 लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी 2 लाख रुपये दिले होते. मनोऱ्यास मातोश्रींचे नाव द्यावे, एवढीच इच्छा. 1869 मध्ये काम सुरू झाले आणि 1878 मध्ये 280 फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. मातोश्रींची दृष्टी गेली होती. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचे व्रत पाळण्यास त्यांना या घड्याळाचे टोले उपयोगी पडत, अशी कथा परंपरेने सांगितली जाते.

कलकत्ता विद्यापीठासही 1866 मध्ये त्यांची 2 लाखांची देणगी मिळाली. तिच्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांत पुढे शिवचरित्रकार म्हणून ख्यातनाम झालेले जदुनाथ सरकार होते. सुरतेच्या जैन व्यापाऱ्याचे द्रव्य असे विद्येच्या कामी आले. अहमदाबादेतील शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयासही त्यांचे नाव आहे.

पतनानंतर शेठजी खचले नाहीत. त्यांनी पुन्हा दलालीचा धंदा उभा केला. 1875 मध्ये मुंबईच्या दलालांनी जी संघटना स्थापली, तिच्या संस्थापकांत ते होते. आजचे मुंबई शेअर बाजार ते हेच. 1906 मध्ये त्यांचे देहावसान झाले.

परिग्रहाचे परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. त्याची मर्यादा सुटली की काय होते आणि हातून घडलेले दान किती काळ टिकते, हे दोन्ही या एकाच जीवनात दिसते. कोट्यवधींच्या उलाढालींच्या वह्या केव्हाच काळाच्या उदरात गेल्या. मातेच्या नावाचा मनोरा आजही उभा आहे. अशा या दानवीरास विनम्र अभिवादन!